शिशाच्या जुन्या बॅटऱ्या सीमेपार पाठवताना

वाहनांतून आणि वीजपुरवठ्याच्या संचांतून निकामी झालेल्या शिसे-आम्ल बॅटऱ्या गोळा करणाऱ्या एका संस्थेत मी काम करते. आमचे संकलन ज्या देशात चालते तिथे शिसे वितळवून शुद्ध करणारा एकही परवानाधारक कारखाना नाही. साठलेला माल परदेशी स्मेल्टरकडे पाठवावा लागतो आणि त्यासाठीच्या परवानग्या मिळवणे हा माझ्या कामाचा मुख्य भाग आहे. पहिल्या पूर्वसूचनेपासून शेवटच्या खेपेच्या प्रमाणपत्रापर्यंतचा सगळा मार्ग मी जवळून पाहिला. या नियमांविषयी वाचायला मिळते ते बहुधा कलमांच्या भाषेत असते. त्या कलमांमुळे गोदामात, बंदरात आणि बँकेच्या टेबलावर नेमके काय घडते ते कुणीतरी सांगायला हवे, म्हणून हे लिहीत आहे.

घातक कचऱ्याच्या सीमापार वाहतुकीवर नियंत्रण ठेवणारा बासेल करार २२ मार्च १९८९ रोजी स्वीकारला गेला आणि ५ मे १९९२ पासून अमलात आला. त्याच्या मुळाशी असलेला नियम साधा आहे: माल निघण्याआधी घेणाऱ्या देशाला आणि वाटेतल्या प्रत्येक देशाला लेखी कळवले पाहिजे, आणि त्यांची संमती हाती आल्याशिवाय माल हलता कामा नये. हा नियम ज्या घटनांतून आला त्या विसरण्याजोग्या नाहीत. फिलाडेल्फियातील कचराभट्टीची राख घेऊन १९८६ साली निघालेले ‘खियान सी’ हे जहाज बंदरामागून बंदर फिरत राहिले आणि त्यातली सुमारे ४००० टन राख हैतीतील गोनाईव्हच्या किनाऱ्यावर खत म्हणून उतरवली गेली. १९८८ मध्ये नायजेरियातील कोको या गावी इटलीहून आलेल्या विषारी कचऱ्याची पिंपे उघडकीस आली. एखाद्या अर्जात अधिकारी तोच प्रश्न पुन्हा विचारू लागतो तेव्हा मी या दोन गावांची आठवण ठेवते. त्या प्रश्नामागे कुणाचे तरी अंगण असते.

कामाची सुरुवात वर्गीकरणापासून झाली. अखंड किंवा फोडलेली शिसे-आम्ल बॅटरी कराराच्या परिशिष्ट आठमध्ये ए११६० या नोंदीखाली येते, म्हणजे ती घातक मानली जाते आणि त्याबाबत वादाला जागा नसते. तिच्यातल्या शिशासाठी वाय३१ आणि आम्लासाठी वाय३४ हे संकेतांक, दाहक गुणधर्मासाठी एच८ आणि पर्यावरणावरील विषारी परिणामासाठी एच१२, समुद्रमार्गाच्या धोकादायक मालाच्या नियमांसाठी यूएन २७९४ व वर्ग ८, आणि सीमाशुल्कासाठी ८५४९.११ हा क्रमांक, असे सगळे एकाच रकान्यात भरावे लागते. हे संकेतांक एकमेकांशी जुळले नाहीत तर पुढे कुठल्या तरी टेबलावर माल अडतोच, कारण पर्यावरण खाते एक संकेतांक वाचते, जहाज कंपनी दुसरा आणि सीमाशुल्क अधिकारी तिसरा.

अवघड होते ते मालाला त्या वर्णनाशी प्रामाणिक ठेवणे. गोदामात येणाऱ्या ढिगात निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्याही असत आणि अलीकडे बाहेरून हुबेहूब शिशाच्या बॅटरीसारख्या दिसणाऱ्या लिथियमच्या बॅटऱ्याही येऊ लागल्या आहेत. वेगवेगळ्या प्रकारच्या बॅटऱ्या एकत्र पाठवल्या तर ती ए११७० ही वेगळी नोंद होते आणि आमची संमती तिला लागू पडत नाही. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे लिथियमची एक बॅटरी नजरचुकीने शिशाच्या ढिगात गेली आणि फोडणी यंत्रात किंवा भट्टीत पोहोचली, तर तिथे आग लागते आणि माणसे जखमी होतात. म्हणून आम्ही प्रत्येक बॅटरी वजन आणि लेबल पाहून हाताने वेगळी करण्याची पद्धत घातली. हे काम संथ आहे आणि त्याची किंमत कुठल्याही बीजकात दिसत नाही, पण अर्जातल्या वर्णनाखाली मी सही करते ती या हातांच्या भरवशावर.

याच टप्प्यावर एका दलालाने सुचवले की माल कचरा म्हणून दाखवूच नये, ‘दुरुस्तीसाठी वापरलेल्या बॅटऱ्या’ म्हणून पाठवावा; मग पूर्वसूचना, संमती, हमी, काहीच लागणार नाही. कराराच्या दुसऱ्या कलमानुसार जी वस्तू विल्हेवाटीसाठी पाठवली जाते ती कचरा आहे, आणि विल्हेवाटीत धातू परत मिळवण्याची क्रियाही मोडते. आमच्या बॅटऱ्या कुणी दुरुस्त करणार नव्हते. त्या फोडून वितळवल्याच जाणार होत्या. आम्ही तो प्रस्ताव नाकारला.

मग कारखाना निवडायचा होता. बंदी-दुरुस्ती म्हणून ओळखला जाणारा बदल ५ डिसेंबर २०१९ पासून लागू आहे आणि त्यानुसार परिशिष्ट सातमधले, म्हणजे मुख्यतः औद्योगिक देश, त्या यादीबाहेरच्या देशांना घातक कचरा पाठवू शकत नाहीत. आमचा प्रवास उलट दिशेचा होता, त्यामुळे ती आडवी आली नाही. घेणारा देश कराराचा सदस्य असणे मात्र आवश्यक होते. अमेरिकेने करारावर सही केली असली तरी त्याला मंजुरी दिलेली नाही, म्हणून तिथल्या कारखान्याशी व्यवहार करायचा तर कलम ११ खालचा स्वतंत्र करार लागतो. तो नसल्यामुळे तो पर्याय आम्ही बाजूला ठेवला.

उरलेल्या कारखान्यांपैकी एकाने सर्वांत चांगला दर दिला होता, मात्र बॅटऱ्यांतले आम्ल आमच्याकडेच ओतून काढावे, म्हणजे जहाजाचे भाडे वाचेल, अशी अट घातली. बॅटरीतले आम्ल म्हणजे नुसते पातळ गंधकाम्ल नसते, त्यात विरघळलेले आणि तरंगणारे शिसे असते. ते गोदामाच्या मागे ओतणे म्हणजे घातक भाग आपल्याच जमिनीत ठेवून किमतीचा भाग परदेशी पाठवणे. म्हणूनच संकलन केंद्रावर आम्ल काढू नये, बॅटरी अखंड आणि उभी पाठवावी, अशी या विषयातली मान्य पद्धत आहे. ज्या कारखान्याला स्वतः आम्ल हाताळायचे नाही त्याच्याकडे आम्ल निष्प्रभ करण्याची सोय असेल यावर माझा विश्वास बसला नाही. आम्ही कमी दर देणारा दुसरा कारखाना निवडला.

तो पाहायला मी स्वतः गेले. बॅटरी फोडण्याचे यंत्र बंदिस्त होते, आम्ल गोळा करून ते निष्प्रभ करण्याची टाकी चालू होती, भट्टीवरचा धूर गाळणाऱ्या पिशव्या बदलल्याच्या नोंदी होत्या, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट, म्हणजे कामगारांच्या रक्तातील शिशाच्या नियमित तपासणीची वही, त्यांनी न मागता पुढे ठेवली. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते, साध्या चुलीवरही ते वितळवता येते, आणि धोका नेमका तिथेच आहे. सेनेगलमध्ये डाकारजवळच्या थियारोय-सुर-मेर वस्तीत नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात १८ मुले दगावली. बॅटऱ्यांतून शिसे काढण्याच्या उघड्यावरच्या धंद्यामुळे तिथली माती विषारी झाली होती. रक्तातील शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. आपला माल अशा एखाद्या वस्तीत पोहोचणार नाही याची खात्री कारखान्याच्या संकेतस्थळावरून करता येत नाही, हे माझे ठाम मत या भेटीनंतर झाले.

पूर्वसूचनेचा नमुना जगभर जवळजवळ सारखाच आहे. अकराव्या रकान्यात मालाचे पुढे काय करणार ते लिहायचे असते. आमच्यासाठी ते आर४, म्हणजे धातू आणि धातूंची संयुगे परत मिळवणे. बाराव्या रकान्यात मालाची घडण लिहायची आणि चौदाव्यात वर सांगितलेले सगळे संकेतांक. आयात करणाऱ्या देशाच्या सक्षम प्राधिकरणाने, म्हणजे अशा अर्जांवर निर्णय देणाऱ्या सरकारी यंत्रणेने, आमचा पहिला अर्ज वाचून शिशाबद्दल जवळजवळ काहीच विचारले नाही. त्यांनी विचारले ते बाकीच्याविषयी: बॅटरीच्या खोक्याचे पॉलिप्रॉपिलीन कुठे जाणार, पट्ट्यांमधली विभाजक पटले कुठे जाणार, निष्प्रभ केलेल्या आम्लाचे काय होणार, आणि भट्टीतून निघणारा मळ किती व तो कोणत्या परवानाधारक भूभरावात, म्हणजे कचरा पुरण्याच्या जागेत, जाणार. कारखान्याकडून ही माहिती मिळवायला बराच पत्रव्यवहार करावा लागला. पण त्या प्रश्नांमुळे मला या सगळ्या प्रक्रियेचा अर्थ लागला. संमती मागितली जाते ती माल हलवण्यासाठी, पण दिली जाते ती मालाचा शेवट कसा होणार हे पाहून. अर्ज भरणाऱ्याने शेवटाकडून सुरुवातीकडे भरत यावे, म्हणजे बहुतेक प्रश्न उद्भवत नाहीत.

अर्जासोबत दोन गोष्टी जोडाव्या लागल्या. पहिली, आमच्यात आणि कारखान्यात झालेला करारनामा, ज्यात मालावर पर्यावरणाला अपाय न करता प्रक्रिया करण्याची अट स्पष्ट असते. दुसरी, आर्थिक हमी. सहाव्या कलमानुसार आयात करणारा किंवा वाटेतला सदस्य देश मागेल त्याप्रमाणे विमा, बंधपत्र किंवा अन्य हमी द्यावी लागते. बँकेला ही हमी समजावून सांगणे हा एक स्वतंत्र खटाटोप होता. बँकेच्या सवयीची हमी मालाचे पैसे न मिळाल्यास वापरली जाते; ही हमी मात्र व्यवहार फसला तर माल परत आणणे, तोपर्यंत तो साठवणे आणि त्याची योग्य विल्हेवाट लावणे यांच्या खर्चासाठी असते. आठव्या कलमानुसार माल करारनाम्याप्रमाणे मार्गी लागला नाही आणि आयात करणाऱ्या देशाने तसे कळवल्यापासून ९० दिवसांत दुसरी योग्य सोय झाली नाही, तर निर्यात करणाऱ्या देशाला तो परत घ्यावाच लागतो. बेकायदा वाहतूक निर्यातदारामुळे घडली असेल तर नववे कलम त्यासाठी साधारणपणे ३० दिवसांचीच मुदत देते. नुकसानभरपाईविषयीचा १९९९ सालचा स्वतंत्र प्रोटोकॉल आजही अमलात आलेला नाही, त्यामुळे प्रत्यक्षात माल परत आणण्याची ताकद या हमीतच असते. म्हणून तिची रक्कम ठरवताना आम्ही परतीचे भाडे, बंदरातली साठवण आणि प्रक्रियेचा खर्च पूर्ण धरला. हमी कमी ठेवून भांडवल मोकळे राखण्याचा मोह प्रत्येक निर्यातदाराला होतो, आणि बंदरात महिनोन्‌महिने बेवारस पडणाऱ्या कंटेनरांची सुरुवात तिथेच होते, असे मला वाटते.

आमच्या प्राधिकरणाने पूर्वसूचना आयात करणाऱ्या देशाकडे आणि वाटेतल्या देशांकडे पाठवली. एकाच प्रकारचा माल एकाच कारखान्याकडे नियमित जाणार असल्यामुळे आम्ही सर्वसाधारण पूर्वसूचना दिली होती. तिच्याखाली जास्तीत जास्त १२ महिन्यांच्या काळात अनेक खेपा जाऊ शकतात.

संपूर्ण प्रक्रियेत सर्वाधिक वेळ गेला तो वाटेतल्या देशांमुळे. करार मधल्या देशाला उत्तरासाठी ६० दिवस देतो. ज्या देशाने आपल्याला लेखी पूर्वसंमती नको असे आधीच जाहीर केले आहे, त्याच्याकडून या मुदतीत उत्तर न आल्यास माल पुढे नेता येतो. पण ज्याने तसे जाहीर केलेले नाही त्याचे मौन म्हणजे नकारच धरावा लागतो. कागदावर हे स्वच्छ आहे. समुद्रावर मात्र कंटेनर एका जहाजातून दुसऱ्या जहाजात बदलत जातो आणि कोणत्या बंदरात बदलायचा हे जहाज कंपनी आपल्या सोयीने ठरवते. आम्हाला सगळ्या संमती मिळाल्यानंतर कंपनीने आपला मार्ग बदलला आणि नव्या मार्गावर एका वेगळ्या देशाचे बंदर आले. माल जहाजातून उतरणारही नव्हता, पण तो देश आमच्या पूर्वसूचनेत नव्हता, म्हणून त्याच्यासाठी नव्याने सूचना, नव्याने प्रतीक्षा. दरम्यान दुसऱ्या एका जहाज कंपनीने कचरा या सदराखालचा कोणताही माल घ्यायलाच नकार दिला. परत पाठवलेल्या कंटेनरांचा भुर्दंड सोसलेल्या कंपन्यांची ही सावधगिरी मला समजते. तरीही तिचा परिणाम असा होतो की खरे वर्णन लिहिणाऱ्याला जहाज मिळत नाही आणि खोटे वर्णन लिहिणाऱ्याला मिळते. या क्षेत्रातल्या लोकांनी सर्वांत आधी सोडवायला हवी अशी अडचण कोणती, असे मला विचारले तर मी हीच सांगेन.

यानंतर आम्ही पूर्वसूचना लिहितानाच जहाज कंपनीकडून पर्यायी मार्गांतली सगळी बंदरे लेखी मागून घेऊ लागलो आणि त्या सर्व देशांची नावे सुरुवातीलाच टाकू लागलो. त्यामुळे कागद वाढतात, पण मार्ग बदलला तरी माल थांबत नाही.

भरणीचे काम त्या मानाने सरळ होते. बॅटऱ्या उभ्या ठेवायच्या, थरांमध्ये आम्ल शोषणारा जाड पुठ्ठा घालायचा, टोके एकमेकांना किंवा धातूला लागून ठिणगी पडणार नाही अशी झाकायची, आणि तडा गेलेल्या बॅटऱ्या वेगळ्या आम्लरोधक प्लास्टिकच्या पेट्यांत भरायच्या. शिसे जड असल्यामुळे कंटेनरच्या वजनाची मर्यादा जागा भरण्याच्या कितीतरी आधी गाठली जाते. निम्मा रिकामा दिसणारा कंटेनर पाहून नवख्या माणसाला आणखी एक थर चढवावासा वाटतो, तो चढवू द्यायचा नाही.

प्रत्येक खेपेसोबत वाहतूक-दस्तऐवज जातो आणि ज्याच्या हाती माल येतो तो त्यावर सही करतो: ट्रकवाला, बंदर, जहाज, पुन्हा ट्रक आणि शेवटी कारखाना. माल मिळाल्यावर कारखाना एकदा सही करतो आणि प्रक्रिया पूर्ण झाल्यावर दुसऱ्यांदा. सहाव्या कलमानुसार माल मिळाल्याचे आणि ठरल्याप्रमाणे प्रक्रिया पूर्ण झाल्याचे, असे दोन्ही त्याने निर्यातदाराला व निर्यात करणाऱ्या देशाच्या प्राधिकरणाला कळवायचे असते. एका खेपेत कारखान्यातले वजन आमच्या वजनापेक्षा कमी भरले. दोन्ही काट्यांची तपासणी प्रमाणपत्रे आणि कारखान्याने लगेच काढलेले कंटेनरच्या तळाचे फोटो आम्ही प्राधिकरणाला दिले, त्यात पुठ्ठ्यांत मुरलेले आम्ल दिसत होते, आणि खुलासा मान्य झाला. पैसे मिळाले की व्यवहार संपला असे मानणारे निर्यातदार दुसऱ्या सहीची वाट पाहत नाहीत. आम्ही करारनाम्यातच मोबदल्याचा एक हिस्सा प्रक्रिया-पूर्तीच्या प्रमाणपत्राशी बांधला, आणि तेव्हापासून ती प्रमाणपत्रे वेळेवर येऊ लागली. बँकेतली हमीही त्या प्रमाणपत्रांवरच सुटत असल्यामुळे आमच्या हिशेबनीसालाही त्यांची तितकीच चिंता असते.

बॅटऱ्या इथेच फोडून शिसे पाठवावे आणि प्लास्टिकचे तुकडे वेगळे विकावे, असा विचार मध्यंतरी पुढे आला. प्लास्टिकच्या कचऱ्याचे नियम २०१९ मध्ये बदलले आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाले. त्यानुसार पुनर्चक्रणासाठी जाणारे, जवळजवळ पूर्णपणे स्वच्छ आणि एकाच प्रकारचे प्लास्टिक बी३०११ खाली संमतीविना जाऊ शकते, मिश्र किंवा मळलेले प्लास्टिक वाय४८ मध्ये येते आणि घातक द्रव्याने दूषित झालेले ए३२१० मध्ये. बॅटरीच्या खोक्याचा तुकडा दिसायला स्वच्छ असला तरी त्याच्या खाचांत शिशाचा लगदा बसलेला असतो. प्रयोगशाळेच्या अहवालात ते स्पष्ट दिसले. तो माल हिरव्या यादीतला, म्हणजे संमती न लागणारा, म्हणून पाठवण्याची आमची तयारी नव्हती, आणि इथे बॅटरी फोडण्याची सुरक्षित सोयही नव्हती, म्हणून बॅटऱ्या अखंडच पाठवायच्या हे कायम राहिले.

सध्या माझ्या टेबलावर आहेत ते वीजपुरवठ्याच्या संचांचे बॅटरी काढून घेतल्यानंतर उरणारे सांगाडे आणि त्यांतली सर्किट-पटले. यांतला घातक नसलेला भाग पूर्वी बी१११० या नोंदीखाली संमतीशिवाय जाऊ शके. घाना आणि स्वित्झर्लंड यांच्या प्रस्तावावरून २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती १ जानेवारी २०२५ पासून लागू झाली आणि ती वाट बंद झाली. आता घातक इलेक्ट्रॉनिक कचरा ए११८१ मध्ये येतो आणि घातक नसलेला वाय४९ मध्ये, आणि दोन्हींना पूर्वसूचना व संमती लागते. पटले वितळवणाऱ्या कारखान्याकडून मी पहिल्याच पत्रात भट्टीतल्या मळाची आणि धुरातून पकडलेल्या धुळीची माहिती मागवली आहे, आणि जहाज कंपनीकडून बंदरांची यादी. यादी आली आहे. धुळीच्या विल्हेवाटीचा परवाना यायचा आहे, आणि तो आल्याशिवाय अर्ज पुढे जाणार नाही.